जुनी दर्दभरी गाणी ऐकायची कशी? नव्या कानांसाठी वाटाड्या

पुण्यात जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांना तोटा नाही. बालगंधर्व, टिळक स्मारक, भरत नाट्य, कोथरूडचं यशवंतराव. कुठल्याही शनिवारी वर्तमानपत्राचं पान उघडा, कुणीतरी रफीला, तलतला नाहीतर मदनमोहनला सुरेल मानवंदना देत असतंच. तिथे पहिल्या रांगेतले काका डोळे मिटून मान डोलावत असतात. त्यांना सोडायला आलेली आणि मग अडकून पडलेली पंचविशीतली पुतणी मोबाइलचा उजेड ओढणीखाली झाकत असते. हा लेख त्या पुतणीसाठी. काकांनीही वाचावा, पण मध्येच "त्यापेक्षा ते दुसरं गाणं घ्यायला हवं होतं" असं म्हणू नये.

पुतणीची तक्रार खोटी नाही. ही गाणी संथ असतात. ओळीने लावली तर सगळी सारखीच वाटतात. अर्धे शब्द उर्दू. पडद्यावर एक जण पियानोपाशी, एक जण जिन्यात, आणि दोघंही दुःखी. त्यात 'दर्दभरी' असा शिक्का मारूनच ती समोर येतात, त्यामुळे आपल्याला रडू यायला हवं अशा तयारीने आपण बसतो. ते येत नाही, आणि आपलाच कान कच्चा असं वाटायला लागतं.

रडू यायची अट आधी काढून टाका. चांगल्या दुःखी गाण्यात गाणारा रडत नसतो. तो स्वतःला आवरत असतो, आणि ऐकायचं असतं ते हे आवरणं. आवाज कुठे चढू शकला असता आणि चढला नाही, कुठला शब्द कवीने टाळला, वाद्यं कुठे गप्प झाली. गाण्यानेच हंबरडा फोडला तर ऐकणाऱ्याला काही काम उरत नाही. पुढच्या पायऱ्या हे आवरणं कानाला कळावं एवढ्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: वेळ, जागा आणि योग्य रेकॉर्ड

गाडी चालवताना ऐकू नका. हिंजवडीच्या रहदारीत या गाण्यांतलं जे हळू असतं ते सगळं वाया जातं आणि नेमकं तेच मोलाचं असतं. ही रेकॉर्डिंग बहुतेक मोनो आहेत, आवाज पुढे आणि वाद्यं मागे. चांगले हेडफोन असले तर उत्तम, नसले तर खोलीत पंखा बंद करून साध्या स्पीकरवर ऐकलं तरी चालतं.

रात्री दहाची वेळ मला सगळ्यात बरी वाटते. त्याला कारण आहे विविध भारतीचं 'छायागीत'. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ला सुरू झाली, आणि छायागीतची रात्री दहाची वेळ कित्येक घरांत झोपायची वेळ म्हणूनच ओळखली जायची. निवेदक एखादा विषय घेतो, दोन गाण्यांमध्ये चार वाक्यं बोलतो आणि बाजूला होतो. फुकटात मिळणारा मार्गदर्शक. शिवाय रेडिओवर गाणं पुढे ढकलता येत नाही, हा आजच्या काळात फार मोठा फायदा.

'टॉप पन्नास सॅड साँग्ज' छापाच्या याद्या मात्र कटाक्षाने टाळा. पन्नास दुःखी गाणी सलग ऐकून कुणालाही एकच गोष्ट कळेल, की आता चहा घ्यावा. एका रात्री एक गाणं, तेही तीन वेळा, आणि मग बंद.

रेकॉर्ड कुठली लावताय तेही बघा. नव्वदच्या दशकात 'झंकार बीट्स' नावाचा एक प्रकार कॅसेटवर आला होता. जुन्या गाण्यांवर वरून ढोल आणि टाळ्यांचा यांत्रिक ठेका चिकटवलेला. त्या आवृत्त्या अजून फिरतात. गाण्यात अचानक लग्नाची वरात ऐकू आली तर समजा की तीच लागली आहे. वेग कमी करून घुमवलेल्या नव्या आवृत्त्याही सुरुवातीला नकोत. आणखी एक खुबी आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या (७८ आरपीएमच्या) तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटं मावत, म्हणून कित्येक गाण्यांचा एखादा अंतरा तबकडीवर आलाच नाही, तो फक्त सिनेमात आहे. आवडलेलं गाणं सिनेमातूनही एकदा ऐका, कधीकधी घबाड हाती लागतं.

दुसरी पायरी: एका गाण्यापासून सुरुवात

माझी शिफारस 'जलते हैं जिसके लिए'. सिनेमा 'सुजाता', १९५९, दिग्दर्शक बिमल रॉय. संगीत सचिनदेव बर्मन, शब्द मजरूह सुलतानपुरी, आवाज तलत महमूद.

हे गाणं टेलिफोनवर गायलं जातं. सुनील दत्त रिसीव्हरमध्ये गातोय आणि दुसऱ्या टोकाला नूतन ऐकतेय. फोनवर कुणी ओरडून गात नाही, त्यामुळे अख्खं गाणं कुजबुजीपेक्षा जरासं वर राहतं. पहिल्यांदा डोळे मिटून ऐका. तलतच्या आवाजात एक बारीक कंप आहे. तो ओळीच्या शेवटी, लांबवलेल्या स्वरावर जास्त जाणवतो. काही जणांना तो दोष वाटायचा. मला वाटतं, तो कंप नसता तर या गाण्यात फक्त सुरेलपणा उरला असता.

दुसऱ्यांदा चित्रफीत बघा, आणि सुनील दत्तकडे बघू नका. नूतनकडे बघा. शोभना समर्थांची ही लेक गाणंभर एक शब्द बोलत नाही. आता तिच्या गप्प राहण्याचं कारण समजून घ्या. सुजाता अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेली, एका ब्राह्मण घरात वाढलेली. मुलगी म्हणून वाढवलेली नाही, 'मुलीसारखी' म्हणून. फोनवरचा मुलगा त्या घराने स्वतःच्या मुलीसाठी मनात धरलेला. तिचं गप्प राहणं लाजण्यातून आलेलं नाही, त्याच्यामागे अख्खी समाजव्यवस्था उभी आहे. हे कळल्यावर तेच गाणं तिसऱ्यांदा ऐका. तिसऱ्या वेळी फक्त गाण्यामागच्या वाद्यांकडे लक्ष द्या, ती किती कमी आहेत ते बघा.

एवढं केलंत तर निम्मी वाट संपली. खरंच.

तिसरी पायरी: शब्दांची भीती

उर्दूची धास्ती घेऊ नका. सुरुवात गीतकार शैलेंद्रपासून करा. शैलेंद्र रेल्वेच्या कारखान्यात नोकरी करत होता आणि त्याचे शब्द रेल्वेच्या डब्यात बसलेल्या कुणालाही कळतील असे आहेत. 'अजीब दास्तां है ये' (दिल अपना और प्रीत पराई, १९६०) ऐका. शंकर-जयकिशनची चाल इतकी हलकी की लक्ष नसेल तर सहलीचं गाणं वाटावं. पडद्यावर होडीत मेजवानी चालू आहे, मीनाकुमारी गातेय आणि ज्याच्यावर तिचं प्रेम आहे तो समोर नवपरिणीत बायकोसोबत बसलाय. पाहुण्यांना ते करमणुकीचं गाणं वाटतं. दुःख फक्त शब्दांत आहे, चालीने ते झाकून ठेवलंय.

शैलेंद्र पचला की गझलेकडे या. इथे मराठी माणसाला एक सोय आहे. सुरेश भटांमुळे मतला (गझलेचा पहिला शेर, म्हणजे दोन ओळी), काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर तसेच परत येणारे शब्द) हे शब्द आपल्याकडे घरोघरी पोचलेत. 'केव्हातरी पहाटे'मध्ये 'रात गेली' ही रदीफ प्रत्येक शेराच्या शेवटी येते आणि दर वेळी तिच्या आधीचा शब्द बदलून रात नव्याने निसटते. हाच कान घेऊन मदनमोहनचं 'उनको ये शिकायत है के हम कुछ नहीं कहते' ऐका. 'अदालत', १९५८, राजेंद्र कृष्ण यांचे शब्द, लताबाईंचा आवाज. रदीफ आहे 'है के हम कुछ नहीं कहते'. म्हणजे गाणारी बाई दर शेराच्या शेवटी 'मी काही बोलत नाही' इथेच येऊन थांबते. आवरणं हाच विषय आणि आवरणं हीच गाण्याची रीत, दोन्ही एकाच ठिकाणी सापडावं असं दुसरं गाणं मला तरी पटकन सुचत नाही.

गझल ऐकताना एक युक्ती. शेराची पहिली ओळ बहुधा दोनदा म्हटली जाते. दुसऱ्यांदा म्हटली जात असताना पुढची ओळ काय असेल याचा मनात अंदाज बांधा. अंदाज चुकला की शेर चांगला होता असं समजायला हरकत नाही.

अडलेल्या शब्दांसाठी 'रेख्ता'चं संकेतस्थळ आहे. त्यात शब्दावर बोट ठेवलं की अर्थ दिसतो. तनहाई, हसरत, रुसवाई, शिकवा, बेखुदी, अरमान असे मोजके शब्द अंगवळणी पडले की पुढे फार अडत नाही, कारण हेच शब्द गाण्यागणिक परत येतात. गाणं स्वतःच्या हाताने वहीत लिहून काढा. लिहिताना जे दिसतं ते ऐकताना निसटतं.

चौथी पायरी: आवाज ओळखणं, म्हणजे स्वभाव ओळखणं

तलत तुम्हाला भेटला. आता मुकेश. मुकेशबद्दल पुण्यात दोन तट आहेत आणि दोन्ही तट लग्नाच्या पंक्तीत भांडू शकतात. त्याचा आवाज सपाट आहे, हरकती (स्वरांची झटपट वळणं) नाहीत, वरच्या पट्टीत तो अवघडतो, हे सगळं खरं. तरी 'आँसू भरी हैं ये जीवन की राहें' (परवरिश, १९५८) त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मला ऐकायला आवडणार नाही. दुःखात माणूस मुरक्या घेत नाही. त्याला सरळ वाक्य बोलता येतं तेवढंच पुष्कळ झालं.

रफीच्या बाबतीत उलटं संकट. त्याला सगळंच येतं. 'ओ दुनिया के रखवाले' (बैजू बावरा, १९५२) ऐकलं की शेवटी आवाज जिथे जातो तिथे आपली नुसती कल्पनासुद्धा जात नाही. कार्यक्रमात त्या जागी टाळ्या हमखास. पण नवख्याने आधी 'दिन ढल जाए' (गाइड, १९६५) ऐकावं. तोच गळा, आणि तो जवळजवळ कुठेच ताकद दाखवत नाही. रखवाले हा मोठा पराक्रम आहे, दिन ढल जाए हे मोठं गाणं आहे. काका, मी आधीच विनंती केली होती.

किशोरला फक्त यॉडलिंग आणि धमाल एवढ्यावरून ओळखणाऱ्यांनी 'कोई हमदम ना रहा' ऐकावं. 'झुमरू' (१९६१) या सिनेमाचं संगीत त्याचं स्वतःचं, पण हे गाणं मुळात १९३६च्या 'जीवन नैया'तलं. तेव्हा ते मोठ्या भावाने, अशोककुमारने गायलं होतं आणि चाल सरस्वतीदेवींची होती. दोन्ही मिळतात, लागोपाठ ऐका.

आशाबाईंची दुःखी गाणी यादीत मागे पडतात आणि हा अन्याय आहे. 'चैन से हमको कभी' हे ओ. पी. नय्यरबरोबरचं त्यांचं शेवटच्या काळातलं गाणं, 'प्राण जाए पर वचन न जाए' (१९७४)साठी ध्वनिमुद्रित झालेलं. सिनेमात ते आलंच नाही, आणि तरी फिल्मफेअर पुरस्कार त्यालाच मिळाला. पडद्याची मदत नसताना गाणं नुसत्या आवाजावर कसं उभं राहतं ते बघायचं असेल तर हे ऐका.

हेमंतकुमारसाठी 'जाने वो कैसे लोग थे' (प्यासा, १९५७). लताबाईंबद्दल वेगळं लिहीत नाही, त्या प्रत्येक पायरीवर आहेतच.

सैगल? थोडं थांबा. आजच्या कानाला तो आवाज पहिल्या भेटीत नाकातला आणि लांबचा वाटतो, आणि घाईने ऐकवला तर माणूस कायमचा बिथरतो. या सगळ्यांची सवय झाली की मग 'बाबुल मोरा'कडे जा (स्ट्रीट सिंगर, १९३८). ते सैगलने रस्त्यावरून चालता चालता, कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायलेलं आहे. श्वास कुठे घेतलाय ते ऐकू येतं. ठुमरी वाजिद अली शाह यांची मानली जाते, भैरवीतली. मुळातच निरोपाची.

पाचवी पायरी: राग, पण बेताने

दुःख म्हणजे अमुक राग, असं काही नसतं. यमन प्रसन्न म्हणून शिकवला जातो आणि वर सांगितलेलं 'आँसू भरी हैं' यमन कल्याणातलं आहे. संगीत दत्ताराम यांचं. शंकर-जयकिशनचे हे सहायक, ज्यांच्या नावाचा ढोलकीचा ठेका वादक मंडळी अजून वाजवतात. पण यमन आणि दुःख ही जोडी पुणेकराला नवी वाटायचं कारण नाही. १९५५मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं, त्यातलं 'पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा' आठवा. बाप गेलाय, भाऊ वनात भेटायला आलाय, आणि सुधीर फडक्यांचा राम यमन कल्याणात त्याची समजूत घालतोय. समजूत घालायला बसलेल्या माणसाचा आवाज स्थिर असावा लागतो, आणि तो स्थिरपणा त्या रागात आहे.

उलट बाजूने एक प्रयोग करा. एकच राग, एकच संगीतकार, एकच कवी अशी दोन गाणी घ्या. दरबारी, नौशाद, शकील बदायुनी. एक 'ओ दुनिया के रखवाले', दुसरं 'मोहब्बत की झूठी कहानी पे रोए' (मुगल-ए-आझम, १९६०). पहिल्यात माणूस देवाला जाब विचारतोय आणि सूर चढत जातो. दुसऱ्यात मधुबाला साखळदंडांत आहे, आणि लताबाई आवाज इतका ताब्यात ठेवतात की साखळदंड त्यांनाही घातलेत असं वाटावं. दरबारीतला कोमल गंधार, म्हणजे थोडा उतरवलेला 'ग', हलता, झोके घेणारा असतो. तो दोन्हीकडे कसा घेतलाय ते ऐका. रागाची एवढीच मदत घ्यायची. पेटीवाल्या शेजाऱ्यांसारखं प्रत्येक गाण्याचा राग ओळखत बसलात तर कोडं सुटेल आणि गाणं राहून जाईल.

सहावी पायरी: जुळी गाणी

एकच गाणं आनंदात एकदा, दुःखात एकदा, हा त्या काळच्या सिनेमाचा आवडता प्रकार. शिकायला याहून चांगला धडा नाही, कारण चाल तीच असते आणि नेमकं काय बदललं ते कानाला थेट कळतं.

'अनारकली' (१९५३)मधलं 'ये जिंदगी उसी की है' घ्या. संगीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, म्हणजे अण्णा चितळकरांचं. आधी ते प्रेमाचं गाणं म्हणून येतं. शेवटी अनारकलीभोवती भिंत चढत असताना परत येतं. लय उतरते, आणि पहिल्या वेळी जो आशीर्वाद वाटला होता तोच आता निरोप होतो. लागोपाठ ऐकताना कागद-पेन्सिल घ्या आणि लिहा. ठेका कधी आला, कधी गेला? मुखड्यातला कुठला शब्द लांबवला? वाद्यं कुठली गळली?

'ऐ मेरे दिल कहीं और चल' (दाग, १९५२) हेही तलतने दोन लयींत गायलंय. इथे मला जलद आवृत्ती जास्त अस्वस्थ करते. दिलीपकुमारचा दारुडा शंकर मजेत गातोय असं वरवर वाटतं, आणि आपल्याला माहीत असतं की तो कुठेही जाणार नाही.

सातवी पायरी: मधलं संगीत

दोन कडव्यांमधली वाद्यं ही गायकाला श्वास घ्यायला दिलेली सवलत नसते. गायक जे बोलत नाही ते तिथे बोललं जातं. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत व्हायोलिनचा ताफा उसळतो त्यामागे गोव्याच्या सेबास्टियन डिसूझांचं संयोजन आहे. गायक आवरतो आणि व्हायोलिन सुटतात, अशी ती वाटणी. सारंगी वाजली की कुणीतरी दुखावलंय असं समजायची सवय आपल्याला सिनेमानेच लावली. ओ. पी. नय्यरने मात्र तीच सारंगी ठसकेबाज, आनंदी गाण्यांत वाजवून घेतली. म्हणजे वाद्याला स्वतःचं दुःख नसतं.

तालाकडेही कान द्या. 'शाम-ए-गम की कसम' (फुटपाथ, १९५३) हे खय्यामचं गाणं ऐकताना तबला शोधा. सापडणार नाही. लय गिटार, पियानो आणि डबल बासवर सांभाळली आहे. ठेक्याचा आधार काढून घेतल्यामुळे तलतचा आवाज एकटा पडतो, आणि गाणं एकटेपणाचंच आहे.

आठवी पायरी: पडदा

कानाने ऐकून झालं की प्रसंग बघा. क्रम उलटा करू नका, कारण चेहरा समोर आला की कान आळशी होतो.

पियानोची गाणी हा एक स्वतंत्र मासला. मेजवानी चालू असते, नायक पियानोपाशी बसतो आणि सगळ्यांसमोर एकीलाच सुनावतो. बाकीच्या पाहुण्यांना कधीच काही कळत नाही, हे एक गूढच आहे. 'चलो इक बार फिर से' (गुमराह, १९६३, संगीत रवी, शब्द साहिर) या प्रकारातलं सर्वांत समंजस. महेंद्र कपूर गातो तेव्हा आवाजात आरोप नाही, आणि समोर माला सिन्हा नवऱ्याशेजारी, म्हणजे अशोककुमारशेजारी आहे. 'संगम' (१९६४)मधलं 'दोस्त दोस्त ना रहा' त्याच्या शेजारी ठेवून बघा. तिथला आरोप उघड आहे, आणि म्हणूनच मला ते थोडं खाली वाटतं.

पण पडद्याचं खरं शिक्षण 'वक्त ने किया क्या हसीं सितम'. 'कागज के फूल', १९५९. रिकामा स्टुडिओ, गुरुदत्त आणि वहिदा रेहमान, आणि दोघांपैकी कुणाचेही ओठ हलत नाहीत. गाणं त्यांच्या मनात चालू आहे की त्या जागेत, हे ठरवता येत नाही. वरून खाली येणारा तो प्रकाशाचा झोत छायालेखक व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून सूर्यप्रकाश वळवून आत आणला होता. आवाज गीता दत्तचा, शब्द कैफी आझमींचे, चाल सचिनदेव बर्मनची. गायिका आणि दिग्दर्शक गुरुदत्त पती-पत्नी होते आणि त्यांच्या संसाराबद्दल बरंच लिहिलं गेलंय. पहिल्या काही वेळा ते बाजूला ठेवा, गाण्याला त्या कुबडीची गरज नाही.

सिनेमा पडला होता. पण हे गाणं बघून तुम्ही विधी महाविद्यालय रस्त्याने गेलात तर तो रस्ता थोडा निराळा दिसेल. 'प्रभात' फिल्म कंपनी १९३३मध्ये कोल्हापूरहून पुण्यात, याच रस्त्यावर आली. गुरुदत्तने उमेदवारी केली ती प्रभातमध्येच. देव आनंदचा पहिला सिनेमा 'हम एक हैं' (१९४६) प्रभातचा आणि त्याचं नृत्यदिग्दर्शन गुरुदत्तचं. धोब्याकडून शर्टांची अदलाबदल झाली आणि दोघांची गाठ पडली, हा किस्सा देव आनंद स्वतः सांगायचा. त्याच जागेत १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९६४मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. संग्रहालयाच्या प्रेक्षागृहात जुन्या सिनेमांचे खेळ होतात, त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा. 'कागज के फूल' हा भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद पडद्याचा चित्रपट, त्यामुळे मोबाइलच्या पडद्यावर त्यातली निम्मी रिकामी जागा दिसतच नाही. आणि त्या गाण्यात सगळा खेळ रिकाम्या जागेचा आहे.

नववी पायरी: चार माणसांत

आता काकांबरोबर कार्यक्रमाला जा. मोबाइल पिशवीत. मूळ गाणं माहीत असलं की रंगमंचावरचा गायक कुठे जास्तीची हरकत घेतोय, कुठे डोळ्यांत पाणी आणायचा खटाटोप करतोय ते लगेच कळतं. टाळ्या त्यालाच जास्त पडतात. पडू द्यात, मध्यंतरात बटाटेवडा खाताना बोलता येतं.

तबकड्यांची आवड लागली तर जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारा. ७८च्या तबकड्या लाखेच्या आणि ठिसूळ असतात. उजेडात तिरकी धरून चरे बघा, काठाला तडा गेलेली घेऊ नका, आणि सुई त्याच तबकड्यांसाठीची वापरा. एलपीची (नंतरच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची) बारीक सुई त्यावर लावली तर आवाज धड येत नाही.

आणि स्वतः गायची हुक्की आली, जी येतेच, तर मुकेशपासून सुरू करा पण सोपं आहे म्हणून करू नका. सरळ स्वर लांबवून धरणं मुरकीपेक्षा अवघड असतं. कराओकेचा ट्रॅक मूळ पट्टीतच असतो. पुरुषांना तलतची पट्टी बहुधा झेपते, रफीच्या वरच्या जागा नाही, तेव्हा ट्रॅक आधीच एक-दोन स्वरांनी उतरवून घ्या. ध्वनिवर्धकावरचा घुमारा निम्म्यावर आणा. मुखडा ऐन भरात आला की आवाज वाढवावासा वाटेल. तिथे माइक तोंडापासून लांब नेऊ नका, आवाज कमी करा.